जवाबाचा रकाना : पहिल्या रांगेतला बॅटल रॅपर कुणाला म्हणायचं?

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर अजून जागा आहे. काजवे बघायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळीही दिसताहेत. काजवे पूर्ण काळोख पडल्याशिवाय रंगात येत नाहीत, तेव्हा तासभर आमच्याकडे बसायला हरकत नाही.

विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर हळूच विचारलं होतं, "सर, भंडारदऱ्यात रॅप?" त्यांचं चुकलं नाही. पण समोरच्या धरणातून सुटलेलं प्रवरेचं पाणी अकोल्यावरून संगमनेरला जातं, आणि संगमनेर हे अनंत फंदीचं गाव. त्याच तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचं. शब्दाला शब्द भिडवण्याचा धंदा या खोऱ्याला नवीन नाही. तेव्हा विषय परका नाही, फक्त नाव परकं आहे.

आधी एक कबुली देतो, म्हणजे या विषयाकडे आम्ही का वळलो ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या पोरांची रॅप बॅटल होती आणि परीक्षक म्हणून आम्हाला बोलावलं होतं. शाहिरीवर चार लेख लिहिले म्हणून बोलावलं असणार. शेवटच्या फेरीत एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा जबरदस्त वेगवान. श्वास कुठे घेतो ते कळू नये असा. त्याच्या एका कडव्यात मुलीच्या आईवर टोमणा होता: आई बाजारात भाजी विकते आणि पोरगी स्टेजवर शब्द विकते, अशा अर्थाचा. पोरं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. मुलीची पाळी आली. तिनं जे पाठ करून आणलं होतं ते बाजूला ठेवलं. हे आम्हाला दिसलं, कारण ती दोन ठेके गप्प राहिली. मग त्याच यमकावर, त्याच ठेक्यात तिनं आईच्या तराजूवर त्याची एकेक ओळ घातली आणि वजनात किती कमी भरते ते सांगत गेली. शेवटी त्याचं माप त्याच्या पदरात परत टाकलं. टाळ्या पडल्या, पण त्याच्याइतक्या नाहीत, कारण ती हळू बोलत होती.

आमच्या हातात गुणपत्रिका होती. रकाने होते: उच्चार, वेग, ताल, सादरीकरण, वेशभूषा. हो, वेशभूषासुद्धा. (हशा) आम्ही प्रामाणिकपणे बेरीज केली. मुलगा पहिला आला. घरी परतताना एसटीत लक्षात आलं की त्या कागदावर जवाबाचा रकानाच नव्हता, आणि आम्हीही तो मागितला नाही. ज्यांनी कलगी-तुऱ्यावर लिहिलंय त्यांनी! ते अजून सलतं. आजचं बोलणं त्या रकान्याबद्दल आहे.

आता बॅटल रॅप म्हणजे काय ते ज्येष्ठांसाठी थोडक्यात. दोघं समोरासमोर उभे राहतात. आलटून पालटून, यमक साधत, एकमेकांवर शब्दांनी चाल करतात. कधी ठेक्यावर, कधी ठेक्याशिवाय. कधी जागच्या जागी रचलेलं, कधी महिनाभर आधी लिहून पाठ केलेलं. प्रतिस्पर्ध्याच्या ओळीला दिलेल्या उत्तराला तिकडे रिबटल म्हणतात, म्हणजे आपला जवाब. मध्येच शब्द अडकले, पोरगा गप्प झाला, तर तो चोक झाला. मुंबईत धारावीपासून नालासोपाऱ्यापर्यंत पोरांची कोंडाळी जमतात, त्याला सायफर म्हणतात. २०१९च्या 'गल्ली बॉय'नंतर हे घराघरात पोचलं. पण मोठा रॅपर आणि मोठा बॅटल रॅपर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुण्याच्या एमसी स्टॅननं २०२३मध्ये 'बिग बॉस' जिंकलं, तो लोकप्रियतेचा मामला. आज त्याचा हिशोब नाही.

या खेळाची जन्मकथा सांगताना न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबमधला १९८१चा सामना हमखास सांगितला जातो. बिझी बी नावाचा गडी लोकांना डोलवण्यात पटाईत. पब्लिककडून ओरडून घ्यायचं, हसवायचं, जिंकायचं. त्या रात्री कूल मो डी समोर आला आणि त्यानं पब्लिककडे पाठ फिरवल्यासारखं करून थेट बिझी बीलाच धरलं. त्याची रचना, त्याची उसनवारी, त्याची बढाई, एकेक सोलून काढलं. रंजन करणारा आणि सामना करणारा यांच्यातला फरक लोकांना तिथं दिसला. आमच्याकडे हा फरक आधीपासून होता. बतावणी वेगळी आणि सवाल-जवाब वेगळे, हे तमाशाचा कुठलाही जुना रसिक सांगेल. सोंगाड्या हसवतो म्हणून तो सवाल-जवाबात जिंकला असं कुणी म्हणत नाही.

आता कलगी-तुऱ्याकडे येऊ. दोन पक्ष. तुरेवाले शिवाला, पुरुषाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला, मायेला. कोकणात कलगीला शक्तीच म्हणतात, म्हणून तिथला शक्ती-तुरा. रत्नागिरीकडे गौरी-गणपतीत जाखडी नाचताना मधोमध ढोलकी आणि शाहीर, भोवती चाळ बांधलेल्या पोरांचं रिंगण, आणि मग दोन गावांच्या बाऱ्या समोरासमोर. चाकरमान्यांनी ते मुंबईत नेलं. परळच्या दामोदर नाट्यगृहानं अशा किती बाऱ्या पाहिल्या असतील! देशावर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भेदिक शाहिरी. सिंधुदुर्गात तर भजनातसुद्धा डबलबारी: दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, आणि अभंगाच्या आडून चाललेली चकमक.

या सगळ्यांत सामना कशावर ठरतो ते एका उदाहरणानं बघू. सवाल जुनाच आहे, आम्ही तो गद्यात मांडतो, चाल तुम्ही मनात लावा. कलगीवाला म्हणतो: शिवातला इकार म्हणजे शक्ती. तो काढून घेतला तर उरतं शव. मग तुझा देव मोठा कसा? बिनतोड वाटतो ना? कच्चा तुरेवाला इथे काय करेल? एक तर आपलं पाठ केलेलं शिवमाहात्म्य सुरू करेल, किंवा कलगीवाल्याच्या पोटावर, टकलावर, बायकोवर घसरेल. पहिल्यात सवाल ऐकलेला नाही. दुसऱ्यात ऐकलाय, पण झेपलेला नाही. पक्का तुरेवाला म्हणेल: इकार म्हणजे एक वेलांटी. वेलांटी टेकणार कुठे? खाली श हवा. अक्षरच नसेल तर तुझी शक्ती हवेत लोंबकळेल. बघा, त्यानं सवाल मान्य केला, त्याच अक्षरात उतरला आणि तिथंच पेच टाकला. आता खरा शाहीर असेल तर कलगीवालाही थांबत नाही. तो म्हणेल: अरे, तुझा श तरी धड कुठे उभा आहे? स्वर काढला की त्याचा पाय मोडतो, लंगडा श. त्याला चालवते ती मायच.

तीन पावलं झाली आणि तिन्ही एका अक्षराच्या आत. विषय बदलला नाही, आवाज वाढला नाही. श्रोत्याला मात्र शव या शब्दापासून पाय मोडक्या अक्षरापर्यंत काहीतरी मिळालं, जे दोघांपैकी एकट्या कुणालाच देता आलं नसतं. आमच्या मते पहिल्या रांगेची खूण ही आहे. प्रतिस्पर्धी आला नसता तर जी ओळ जन्मालाच आली नसती, ती ओळ ज्याच्याकडे आहे तो मोठा. ज्याच्या ओळी समोर कुणीही असला तरी त्याच राहतात तो चांगला कवी असेल, गायक असेल, पण सामन्याचा गडी नव्हे.

यावर तरुण मंडळी म्हणतील, सर, आजच्या मोठ्या लीगमध्ये सगळं आधी लिहिलेलं असतं. खरं आहे. न्यूयॉर्कची अल्टिमेट रॅप लीग घ्या: ठेका नाही, पंच नाहीत, ठरलेल्या फेऱ्या, लिहून पाठ केलेला मजकूर. २०१२मध्ये लोडेड लक्स कॅलिकोसमोर उभा राहिला तो प्रतिस्पर्ध्याची अंत्ययात्रा काढावी तशी शवपेटी घेऊन. आयत्या वेळी कुणी शवपेटी आणत नाही! (हशा) मग जवाब कुठे गेला? आम्हाला वाटतं, तो गेला नाही, आधी घडला. समोरचा काय बोलेल, कुठे वार करेल, हे हेरून त्याचं उत्तर घरून आणायचं, हाही ऐकण्याचाच प्रकार आहे. आपले शाहीर काय करत होते? दुसऱ्या फडाचे सवाल मिळवायचे, त्यांच्या वस्तादाची परंपरा माहीत करून घ्यायची, पुराणं घोकायची. कोरं डोकं घेऊन सामन्याला कुणीच जात नसे. फरक इतकाच की घरून आणलेलं सोडून देण्याची तयारी हवी. त्या मुलीनं दोन ठेक्यांत जे केलं ते.

याच बाबतीत एक जुनं हत्यार आमच्या कामी येतं. न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प, वितंडा. तत्त्व कळावं म्हणून बोलणं तो वाद. जिंकण्यासाठी बोलणं, पण स्वतःची बाजू मांडून, तो जल्प. स्वतःची बाजूच नाही, फक्त समोरच्याचं मोडायचं, ती वितंडा. शिवाय हार कुठे झाली हे ओळखायला बावीस निग्रहस्थानं मोजून दिली आहेत. ती वाचताना आम्हाला सारखं वाटत होतं की गौतममुनी कुठल्या तरी सायफरच्या कडेला बसले असावेत.

काही बघा. अप्रतिभा: उत्तर न सुचणं. म्हणजे चोक. विक्षेप: काम आहे म्हणून वाद सोडून उठणं. पुनरुक्त: तेच तेच. अननुभाषण: समोरच्यानं काय म्हटलं ते परत सांगताच न येणं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं, कारण इथे ऐकण्याची परीक्षा आहे, बोलण्याची नाही. पर्यनुयोज्योपेक्षण, नाव अवघड आहे पण अर्थ सोपा: समोरचा चुकला आणि तुम्ही ती चूक पकडली नाही, तर हार तुमची. आणि अविज्ञातार्थ: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला जे कळत नाही ते. मंडळी, अतिवेगवान रॅपवरची ही सगळ्यात जुनी टीका आहे! न कळणं हा विजय नाही, ती हार. आम्ही त्या दिवशी ज्याला वेगाच्या रकान्यात सर्वाधिक गुण दिले, त्याची निम्मी कडवी सभेला कळली नव्हती. लोक वेगाला टाळ्या देत होते, जशा सर्कशीत देतात.

वेग वाईट असं आम्ही म्हणत नाही. ढोलकीची दुगण ऐकलेल्या माणसानं तसं म्हणू नये. पण दुगण कधी, हे मागच्या ओळीवरून ठरायला हवं.

'एट माइल' हा २००२चा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट आठवत असेल. सुरुवातीला नायक स्टेजवर चोक होतो, अप्रतिभा. शेवटच्या सामन्यात पहिली पाळी त्याची येते आणि तो स्वतःचीच सगळी लक्तरं वेशीवर टांगतो. गरिबी, घर, झालेली फसवणूक, सगळं. समोरच्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही. मग प्रतिस्पर्ध्याचं खासगी शाळेतलं शिक्षण काढतो, आणि तो नुसता माइक हातात धरून उभा राहतो. म्हणजे अजून न विचारलेल्या सवालाला दिलेला जवाब. तो भाग बसवलेला आहे, सिनेमा आहे, हे मान्य. आणि ज्या एमिनेमनं ती भूमिका केली तो खऱ्या आयुष्यात १९९७च्या स्क्रिबल जॅमला अंतिम फेरीत ज्यूस नावाच्या रॅपरकडून हरला होता. आज ज्यूसचं नाव किती जणांना माहीत आहे? एखादा सामना जिंकणं आणि पहिल्या रांगेत असणं यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

आपल्याकडचा सिनेमा म्हणाल तर १९६४चा 'सवाल माझा ऐका!'. अनंत माने दिग्दर्शक, जयश्री गडकर नायिका. सिनेमानं सवाल-जवाब घरोघरी नेले, पण एक खोडही लावली. पडद्यावर जवाब कधी अडत नाही. दोन्ही बाजू एकाच लेखकानं लिहिलेल्या. मग प्रेक्षकाला वाटायला लागतं की जवाब म्हणजे फाडकन आलेली यमकाची ओळ. मधली शांतता, तो घाम, तो वाट बघणारा ढोलकीवाला, हे गेलं. आजच्या पोरांनाही शांततेची भीती वाटते. दोन ठेके गप्प राहण्याला त्या गुणपत्रिकेत उणे गुण पडले असते.

आता जल्प आणि वितंडा. बॅटल रॅपचा मोठा भाग, आमच्या मते, वितंडेत अडकलाय. "मी भारी, तू भिकार" याच्यापलीकडे कुणाची बाजूच नसते. कलगी-तुऱ्यात शाहीर कितीही भांडला तरी त्याला शिवाची नाहीतर शक्तीची बाजू सांभाळावी लागे. तो स्वतःपेक्षा मोठं काहीतरी घेऊन उभा असे. हरला तर एकटा हरत नसे. म्हणून त्याला वाटेल ते बोलता येत नसे. पण याला भाबडेपणानं सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. आज शक्ती-तुऱ्याच्या कितीतरी बाऱ्यांत शिव-शक्ती फक्त गणापुरते उरतात. मग टोमणे सुरू, आणि टोमण्यांत बहुतेक वेळा समोरच्या शाहिराची आई, बहीण, बायको. प्रेक्षागृह हसतं. रॅपमध्येही हेच. शक्तीला आदिमाया म्हणणारा पक्ष दहा मिनिटांनी प्रतिस्पर्ध्याच्या बायकोवर घसरतो, तेव्हा त्याचा पक्षच त्यानं बुडवलेला असतो. न्यायशास्त्रात यालाही नाव आहे, अपसिद्धांत: मानलेलं तत्त्वच सोडून बोलणं. टाळ्या कितीही पडोत, आमच्या रकान्यात तिथं शून्य. हे आम्ही सोवळेपणानं म्हणत नाही. लावणी ऐकत वाढलेल्या माणसाला शृंगाराचं आणि शिवराळपणाचं वावडं नसतं. तक्रार वेगळी आहे: तो टोमणा कुणालाही चिकटतो. ज्याला आई आहे अशा प्रत्येकाला. मग तो या माणसासाठी केलेला जवाब कसा?

अनंत फंदीचं इथे आठवतं. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. घोलप आडनावाचा ब्राह्मण, आणि डफ-तुणतुण्याच्या संगतीत रमलेला. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. त्याचे फटके प्रसिद्ध. नावच बघा, फटका! पण तो कुणा एकाच्या पाठीत नसतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हा आपल्याला बसला. एका माणसाला बोचरं बोलणं आणि एका माणसाच्या निमित्तानं सगळ्या सभेला जागं करणं, या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी मोठा बॅटल रॅपर उभा असतो.

आणि पवळाबाई. इथे आम्हाला जरा थांबायचंय. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६, मृत्यू १९४५. कुलकर्णीपण सोडून तमाशात आले. आणि पवळा, या आपल्या खालच्या अंगाच्या हिवरगावच्या, महार समाजातल्या. जिथे तोवर नाच्या पोरगा लुगडं नेसून उभा राहायचा त्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. बापूरावांच्या कवनांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पवळाबाईंबद्दल मात्र लिहितात ते रूपाबद्दल आणि आवाजाबद्दल. जवाबाबद्दल कुणी लिहीत नाही. कवन बापूरावांचं होतं, हे कारण. पण थिएटरात, रोजच्या रोज वेगळ्या पब्लिकसमोर, ओळ कुठे सोडायची, कुठे धरायची, कुठे नजरेनं समोरच्याचा सवाल मोडायचा, हे कागदावर नव्हतं. ते त्यांनी केलं. बॅटल रॅपनं एक चांगली गोष्ट केली: लिहिणारा आणि उभा राहणारा एकच केला, आणि उभं राहणं हीसुद्धा रचना आहे हे मान्य केलं. त्या मापानं मागे वळून पाहिलं तर आपली यादी बदलेल. पहिल्या रांगेत नुसते कवी नसतील. झीलकरी असतील, ढोलकीवाले असतील, आणि आमची खात्री आहे, पवळाबाई असतील. त्यांच्या जातीमुळे आणि बाईपणामुळे त्यांना कर्ती म्हणून कुणी मोजलं नाही. म्हणजे गुणपत्रिका तेव्हाही कुणीतरी छापलेली होतीच. ती कुणी छापली, एवढं विचारायला हवं.

त्या मुलीचं पुढे काय झालं असं मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं. आम्हाला माहीत नाही. तिचं नाव गुणपत्रिकेवर होतं, गुणपत्रिका संयोजकांकडे गेली. बक्षीस देताना तिनं आम्हाला एवढंच विचारलं होतं, "सर, तराजूची ओळ कळली ना?" आम्ही मान हलवली. कळली होती.

उद्या सकाळी इथे शाळेच्या मुलांचे सवाल-जवाब आहेत, आणि परीक्षकांत पुन्हा आमचं नाव आहे. संयोजकांनी गुणपत्रिकेचा मसुदा आत्ताच हातात दिलाय. वेशभूषेचा रकाना यातही आहे. तो खोडून तिथं काय लिहायचं ते सांगत बसत नाही. फक्त एक नियम घालू द्यावा अशी विनंती करणार आहोत: प्रत्येक मुलानं आपलं कडवं म्हणण्याआधी समोरच्यानं काय विचारलं ते एका ओळीत परत सांगायचं. ज्याला ते जमणार नाही त्याची फेरी तिथंच संपली.

आता प्रश्न घेऊ. हं, तुम्ही, खिडकीपाशी. जरा मोठ्यानं विचारा, धबधब्याचा आवाज येतोय.